मठाच्या रानातला झाडू

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे मोंसोरेल गावातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एका त्यालाच. त्याच्या मते सगळं जग पुटपुटायला लागलंय. मी पुटपुटते, पोस्टमन पुटपुटतो, पाद्री पुटपुटतात, आणि टीव्हीवरचे बातम्या देणारे तर नुसते ओठ हलवून पगार घेतात. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र स्वयंपाकघराच्या खणात, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूशेजारी पडलेलं असतं. एकदा न राहवून म्हटलं, "अरे, घालत का नाहीस ते?" तर म्हणतो, "ओरडतेस कशाला?"

हा ओमेर कार्लिए. सत्तरीला टेकलाय, पण पोटऱ्या बघाल तर अजून बैलाच्या. सगळी उमर दुधाचा टँकर चालवला. पहाटे निघायचा, गोठ्यागोठ्यावर टँकरचा पंप सुरू करून त्याच्याशेजारी उभा राहायचा. कान त्या पंपानंच खाल्ले. पण त्या टँकरमुळेच आसपासच्या टेकड्यांतली एकही वाट, एकही कुंपण, एकही चिडकं कुत्रं त्याला अनोळखी नाही. निवृत्त झाल्यावर माणसानं बागेत वाटाणे लावावेत, बायकोला कुठं समुद्रावर फिरवून आणावं. ह्यानं ती सगळी अक्कल सायकलीत घातली.

दर ऑक्टोबरात एका रविवारी आमच्या क्लबाची डोंगरी सायकलींची फेरी निघते. फेरी हं, शर्यत नव्हे. शर्यत म्हटलं तर ओमेर अंगावर येतो. सफरचंदाच्या बागांमधून, दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकलेल्या खोलगट वाटांनी, टेकड्या चढत-उतरत माणसं चिखलानं माखून येतात आणि वर पैसे देऊन येतात. पॅरिसवाले आमच्या टेकड्यांना डोंगर म्हणत नाहीत. एकदा चढून दाखवा म्हणावं.

ही वाट ओमेर आखतो. सबंध सप्टेंबर तो घरात नसतो. रविवारचं जेवण निवतं, रस्सा घट्ट होऊन चमचा त्यात उभा राहतो, आणि साहेब कुठल्याशा ओढ्यापलीकडे बसून विचार करत असतात की सायकल इथून डावीकडे न्यावी की उजवीकडे. फेरीच्या आदल्या दिवशी तो फाट्याफाट्यावर पिवळे बाण बांधतो, आणि मधल्या वाटेवर लाल-पांढऱ्या फिती, म्हणजे येणाऱ्याला कळावं की आपण चुकलेलो नाही. आणि फेरीच्या दिवशी सगळ्यांच्या मागून सायकलवर निघून तेच बाण आणि त्याच फिती काढत येतो. त्यासाठी त्याची एक खास गाठ आहे, एका ओढीत सुटणारी. शनिवारी बांधायचं आणि रविवारी सोडायचं, ह्याला मी तरी उद्योग म्हणत नाही.

शेवटून येणाऱ्या ह्या माणसाला क्लबात झाडू म्हणतात. कारखान्यात कुणाला साहेब म्हणावं तसा ओमेर ह्या झाडूपणावर खूश असतो. त्याची एक रीत आहे. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागे तोंड करायचं आणि ओरडायचं, "कोणी आहे का मागे?" मग जरा थांबायचं. उत्तर आलं नाही की बाण काढायचा.

बहिऱ्यानं प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची! हे मी क्लबच्या अध्यक्षाच्या कानावर घातलं. तो हसला. म्हणाला, "अहो सोलांज, आजवर कोणी मागे राहिलंय का?" हे म्हणजे घराला आग लागलेली नाही म्हणून बादली फेकून द्यायची.

आता ते बाण एवढ्या निगुतीनं काढायचे कशासाठी, तर मठाच्या रानासाठी. आमच्या फेरीतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे हे रान, असं सगळे म्हणतात. बीच जातीची उंच झाडं, खाली तांबूस पानांचा थर, आणि दरीत शिरणारी लांबलचक उतरण. ते रान मादाम दुफ्रेन ह्यांचं. वर्षातून तो एकच दिवस त्या गेट उघडतात, तोही दुपारी एकपर्यंत. त्यानंतर रानात रानडुकरांची शिकार असते. दोन वर्षांमागे नाताळच्या सुमारास त्यांना एका काटेरी झुडपावर फितीचा तुकडा सापडला. बोटभर असेल. त्यांनी ओमेरला बोलावून घेतलं आणि तो तुकडा चिमटीत धरून दाखवला. "कार्लिए, माझं रान म्हणजे जत्रेतला मांडव नाही. पुन्हा एक जरी चिंधी दिसली, तर गेटला कुलूप. कायमचं."

त्या दिवसापासून हा माणूस त्या रानातून फिती नव्हे, पापण्यांचे केस वेचल्यासारखा येतो. रानाला कुलूप लागणं म्हणजे त्याच्या मते गावाला कुलूप लागणं.

यंदा फेरीच्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "ह्या वर्षी झाडूचं काम दुसऱ्या कुणाला दे. मागे कोणी पडलं, हाक मारली, तर तुला काय कळणार?"

"मला सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "तू पुटपुटतेस."

"मी गेला तासभर बोंबलतेय!"

"बघ, हे ऐकू आलं की नाही?" मग टोपी डोक्यावर ठेवत, दारातून जाता जाता त्यानं ते वाक्य टाकलं. "तुला काय कळतं गं फेरीतलं? इतकी वर्षं आपली सूप वाढत बसलीस. ते रान कधी डोळ्यांनी पाहिलंयस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप वाढत बसले! ज्या बाईनं शेकडो चिखलमाख्यांना कांद्याचं सूप पाजलं, मारोआल चीजचे तुकडे आणि पाव कापून हाताला घट्टे पाडून घेतले, तिनं रान पाहिलं नाही! पाहिलं नव्हतं, हे खरंच. सूपाचं टेबल रानाच्या अलीकडे, लेगरँच्या गोठ्यात असतं. तिथून पुढं जायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पण खरं बोलणं लागतं ते असं.

मी लील शहरात राहणाऱ्या आमच्या लेकीला, क्लेमांसला, फोन केला. "तुझी ती बॅटरीची सायकल घेऊन ये."

"कोणाला हवीय?"

"मला."

पोरगी म्हणाली, "आई, बाबांना सांगितलंयस?"

"त्यांना सांगून ऐकू येणारेय का?"

तर असं ठरलं. कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच. नाव नोंदवलं माहेरचं. सूपाच्या टेबलावर माझ्या जागी शेजारची इव्हेत उभी राहिली, तोंडाला कुलूप लावायच्या अटीवर. आणि ओमेरनं लांबून ओळखू नये म्हणून मी अंगात क्लेमांसचं तपकिरी जाकीट चढवलं. बाकी सगळे पोपटासारखे हिरवेपिवळे, आणि मी वाळल्या पानासारखी. त्या जाकिटाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

सायकल मी लहानपणी शाळेत जाताना चालवली होती, पण ती सरळ रस्त्यावर. इथं पहिल्याच चढाला कळलं की आपण काय करून बसलोय. बॅटरी ढकलते हे खरं, पण ती ढकलते तेव्हा थांबायचं कसं हे कुणी सांगत नाही. तरणी पोरं "बॉंजूर मादाम" करत पुढं गेली. मग म्हातारे गेले. मग एक बाई गेली, तिच्या सायकलला मागे छोटी गाडी आणि गाडीत झोपलेलं मूल. लेगरँच्या गोठ्यात पोहोचले तेव्हा सूपाचं पातेलं तळाला लागलेलं. इव्हेतनं मला वाटी दिली आणि पोट धरून हसली. "सोलांज, तोंडावर शेण उडालंय."

"चिखल आहे तो."

"माझ्या दिराच्या गाई ह्याच वाटेनं जातात."

वाटी तिच्या हातात देऊन मी निघाले. थोड्या वेळानं ओमेर तिथं आला, त्यानं इव्हेतला विचारलं, "सगळे पुढं गेले?" इव्हेत म्हणाली, "सगळे." त्यात तिची काही चूक नाही. गेलेच होते.

आणि मग मी मठाच्या रानात शिरले. आता ओमेरसमोर कबूल करणार नाही, पण इथं सांगते. मी सायकलवरून उतरले आणि तोंड उघडं टाकून उभी राहिले. वरून ऊन गाळून येत होतं, पायाखाली पानं, आणि कुठं म्हणून कुठं आवाज नाही. फाट्याफाट्यावर पिवळा बाण, नीट डोळ्यांच्या उंचीला, आणि जिथं शंका यावी नेमकी तिथं एक फीत. म्हणजे आत्ता विचार करावा, चुकले की काय, तर समोर फीत. वाटलं, घरात ह्या माणसाला माझं कधी काही कळत नाही, आणि इथं कोण कुठल्या परक्या सायकलवाल्याच्या मनात काय येईल ते ह्याला आधीच कळतंय. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि त्याच्या डोक्यात पातेलं आपटावं असा रागही आला.

तेवढ्यात सूप खाली उतरलं.

पुरुषांचं ठीक असतं. बाईला आडोसा लागतो. मी वाटेवरून खाली घळीत उतरले. क्लेमांसची महागडी सायकल वाटेवर कशी टाकायची म्हणून तीही खाली ओढत नेली आणि झुडपामागे ठेवली. आणि मी नेमकी तशा अवस्थेत बसलेली असताना वरून चाकांचा आवाज आला, ब्रेक लागले, आणि तो ओळखीचा घसा, "कोणी आहे का मागे?"

"आहे!" मी ओरडले. "मी आहे! थांब!"

काही नाही.

"ओमेर! अरे थांब! मी सोलांज!"

झाडावरचे कावळे उडाले. पलीकडच्या टेकडीवर कुत्रं भुंकायला लागलं. आणि माझा नवरा, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, जरा थांबला, शांतपणे गाठ ओढली, बाण पिशवीत टाकला आणि शीळ घालत निघून गेला. पानांच्या फटींतून मला त्याचं हेल्मेट दिसलं. मी तोवर विजार वर ओढत, अडखळत वर चढायला लागले होते. पण ती बॅटरीची सायकल! उतरताना आपोआप आली, चढताना म्हैस झाली. ओल्या पानांवर दोनदा घसरले. वर आले तेव्हा वाट मोकळी. पुढं गेले तर पाच वाटांचा फाटा, आणि एकाही झाडावर काही नाही. अशी झाडलोट की सासूनंसुद्धा नावं ठेवू नयेत.

फोन काढला. त्या दरीत फोन नुसता घड्याळ म्हणून चालतो. मी एक वाट धरली, ती कुंपणाला जाऊन संपली. परत आले, दुसरी धरली, ती गोल फिरून बहुतेक पहिल्याच फाट्याला आली; पण तो पहिलाच होता की त्याचा भाऊ, हेही कळेना. बीचची झाडं सगळी एकासारखी एक. बॅटरी संपली. मी सायकल ढकलत, मोठमोठ्यानं नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालले होते. राग होता तोवर भीती नव्हती.

मग शिंग वाजलं.

शिकाऱ्यांचं शिंग. ते ऐकून माझी शिवी अर्धीच राहिली. माझ्या अंगात काय होतं ते तेव्हा आठवलं. तपकिरी जाकीट. झुडपात वाकून काहीतरी ढकलत चाललेलं, धापा टाकणारं, तपकिरी. मी एका झाडाला पाठ लावून उभी राहिले आणि चक्क रडले. ओमेरवर रडले. मेले तर ह्याच्यामुळे, आणि वर लोक मला सांगायला येतील की बिचारा किती एकटा पडला.

तिकडं काय झालं ते क्लेमांसकडून आणि शिकाऱ्यांचा म्होरक्या गोतिए, त्याच्याकडून कळलं. ओमेर गावाच्या हॉलवर पोहोचला, पिशवी उतरवली, सफरचंदाच्या सायडरचा ग्लास हातात घेतला. तिथं माझी वाट बघत असलेली क्लेमांस त्याच्या मागे बघत राहिली. मग त्याच्या अगदी कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, आई कुठंय?"

"सूपाच्या टेबलावर."

"नाही. सायकलवर. तुमच्या पुढे."

"माझ्या पुढचे सगळे इथं आलेत," ओमेर म्हणाला. आणि मग पोरगी म्हणते, त्याचा चेहरा असा झाला की तिला बघवेना. त्यानं ग्लास खाली ठेवला, पुन्हा पिशवी पाठीवर मारली आणि निघाला. अध्यक्ष मागून काहीतरी सांगत होता. ते अर्थात त्याला ऐकू गेलं नाही.

गेटपाशी गोतिए केशरी टोपी घालून उभा. शिकारी रानाभोवती आपापल्या जागी जाऊन बसलेले. सायकलवाल्यांचं आणि शिकाऱ्यांचं आमच्याकडे कधी पटत नाही. पण ओमेरनं "माझी बायको आत आहे" म्हटल्यावर गोतिएनं सगळ्यांना फोन लावून बंदुका रिकाम्या करायला लावल्या. "मी तुला अर्धा तास देतो, कार्लिए. कुत्री त्याहून जास्त आवरत नाहीत. जा, हाका मार तिला."

ओमेर आत गेला. गोतिए कान देऊन उभा राहिला. म्हणाला, "मादाम सोलांज, तुमच्या नवऱ्यानं एक हाक मारली असेल तर शपथ. मला वाटलं, वेड लागलं ह्याला."

हाका मारून काय उपयोग, हे त्याला तेव्हा पुरतं कळलेलं असणार. गोतिएला मात्र काय माहीत?

मी झाडाला टेकून उभी होते. शिंग पुन्हा वाजेना. जरा धीर करून चालायला लागले, आणि एका फाट्यावर पिवळा बाण. मी मघाशी इथूनच गेले होते, आईशप्पथ, तेव्हा इथं काही नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, डोळे फिरले. जवळ गेले. बाण नीट नव्हता, तिरका. आणि गाठ त्याची ती एका ओढीची नव्हती. करकचून दोनदा मारलेली, सुटू नये अशी. पुढं दुसरा. मग डावीकडे एका वाटेच्या तोंडावर तिसरा, तोही त्याच दिशेला. रानातली कुठलीही वाट धरा, बाण तुम्हाला एकाच बाजूला पाठवणार. पिशवीतले सगळे बाण त्यानं बाहेर काढले होते. फिती तर झाडांना, झुडपांना, एका खांबाला, दिसेल तिथं. मादामचं रान खरंच जत्रेतला मांडव झालं होतं.

शेवटच्या चढावर तो दिसला. पाठमोरा, झाडाला मिठी मारल्यासारखा, फीत बांधत होता. मी हाक मारली. अर्थातच ऐकू गेली नाही. मी खाली वाकले, चांगला ओला मातीचा गोळा केला आणि त्याच्या हेल्मेटवर मारला.

तो वळला. मग काय म्हणावं ह्या माणसानं? "तू इथं काय करतेयस?"

"मी काय करतेय?" मी ओरडले. "मी मागे होते! तू विचारलंस ना, कोणी आहे का मागे? होतं! मी होते! चार हाका मारल्या तुला!"

"कुठं?"

"तुझ्या नाकाखाली!"

माझं जाकीट पाहून त्यानं काही न बोलता स्वतःचं पिवळं जाकीट काढलं, माझ्या अंगात घातलं आणि लहान मुलाचं घालावं तसं गळ्यापर्यंत चेन ओढली. माझी सायकल त्यानं घेतली, त्याची हलकी मला दिली. आम्ही गेटबाहेर आलो आणि मागे शिंग वाजलं, कुत्री सुटली. ओमेरनं मागे वळून पाहिलं. आत झाडाझाडावर पिवळं दिसत होतं. आता अंधार पडेपर्यंत आत जाता येणार नव्हतं.

"उद्या उजाडता काढू," मी म्हटलं. त्यानं मान हलवली नाही, तेव्हा त्याला ऐकू गेलं नसेल किंवा गेलं असेल.

काढायची वेळच आली नाही. सोमवारी सकाळीच मादाम दुफ्रेन ह्यांचा निरोप आला, या म्हणून. मीही गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर बाणांचा आणि फितींचा ढीग. शिकाऱ्यांनी जाता जाता उपटून आणला होता. मादाम आता ऐंशीच्या पुढच्या, पायात रबरी बूट, समोर चिकोरीची कॉफी. आम्हाला बसा म्हणाल्या नाहीत.

"मी काय सांगितलं होतं, कार्लिए?"

"कुलूप," ओमेर म्हणाला. ते मात्र त्यानं ओठांवरून ओळखलं.

"गोतिएनं मला सगळं सांगितलं. तुमची बाई सापडली, बरं झालं." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "पण मला एक समजत नाही. माझं रान काही ॲमेझॉन नाही. मधोमध उभं राहून दोन हाका मारल्या असत्या तर तिनं ओ दिली असती. हा सगळा तमाशा कशासाठी?"

मी तोंड उघडलं होतं. सवयच आहे मला, त्याच्या वतीनं उत्तर द्यायची. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे मीच. पण ओमेरनं टोपी काढून हातात घेतली.

"मी हाका मारल्या असत्या, मादाम. तिनं ओ दिलीही असती. मला ऐकू आली नसती. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

मला वाटलं होतं, हे वाक्य ज्या दिवशी ह्याच्या तोंडून निघेल त्या दिवशी मी टाळ्या पिटीन. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी घसा फोडला होता. प्रत्यक्षात मला त्या बाईच्या टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटलं, की बस झालं, कशाला वदवून घेता त्याच्याकडून.

मादाम कॉफीत साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, ह्या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. "म्हणजे काल तुमच्या मागे दुसरं कोणी राहिलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं."

"नाही."

"गेट मी बंद करणार नाही. बायको हरवल्यावर माणूस चिंध्या बांधणारच. पण माझ्या रानात सगळ्यात शेवटी असा माणूस चालणार नाही, ज्याला हाक ऐकू येत नाही. ऐकणारा माणूस आणा."

"बरोबर आहे," ओमेर म्हणाला. एकदाही वाद न घालता. आणि तिथंच उभ्या उभ्या त्या ढिगातला एकेक बाण उचलून त्याच्या करकचलेल्या गाठी सोडवायला लागला. बोटं जाड, गाठ सुटेना. एक सुटली की दोरी सरळ करून खिशात, मग दुसरी. मादाम बघत होत्या. मी बघत होते. ह्या माणसानं झाडूपण सोडावं म्हणून मी रक्त आटवलं होतं. आणि आता सुटलंच होतं, तर मलाच ते बघवेना.

"मला ऐकू येतं," असं कुणीतरी म्हणालं. ती मीच होते.

मादामनी भुवया वर केल्या. "तुम्ही सायकल चालवता?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "पण सगळ्यात शेवटी राहायला जमतं. ते काल सिद्ध झालंय."

त्या हसल्या की खोकल्या, सांगता येणार नाही. "मग ठीक," म्हणाल्या.

ओमेर आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होता. "काय म्हणाल्या? काय ठरवलंत?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि घर हादरेल अशी ओरडले, "पुढच्या वर्षीपासून तुझ्या मागे मी असेन म्हटलं!"

त्यानं विचार केला. हातातली गाठ सोडवली, दोरी खिशात घातली. ह्या माणसाला आभार मानायचं वळण नाही, ती अपेक्षाही मी केव्हाच सोडलीय. उलट मान हलवून नाहीच म्हणाला.

"मागे नको. माझ्या पुढे चालव. मला दिसत राहा."